किल्ली वर राहिली

सासऱ्यांना सगळी गल्ली उस्ताद म्हणायची. उभं आयुष्य त्यांनी एकाच ट्रकवर काढलं होतं, आणि तो ट्रक आता घरामागच्या मोकळ्या जागेत मातीत चाकं रुतवून उभा होता. अलीकडे उस्तादांचं डोकं मागे-पुढे व्हायला लागलं होतं. कधी सुनेला लाडानं हाक मारत, तर कधी "बाई, तुम्हाला कोण हवंय?" असं तिलाच विचारत. पण रोज सकाळचा प्रश्न ठरलेला असे. "गाडी निघाली का?"

कंटाळून म्हणा, कळवळून म्हणा, मुलानं इंजिन चालू करायचं मनावर घेतलं. तो कारखान्यात फिटर होता. ओळखीच्या गॅरेजमधून बॅटरी आणून त्यानं आदल्या संध्याकाळी सेल्फ मारला, तर इंजिन खोकत खोकत चक्क सुरू झालं! पण खालून ऑइल गळायला लागलं, आणि कुठून गळतंय ते कळेना. ग्रीस, धूळ आणि वर्षानुवर्षं उडालेलं ऑइल मिळून इंजिनावर बोटभर जाड काळा थर बसला होता.

"हे खरवडल्याशिवाय रोग दिसायचा नाही," तो बायकोला म्हणाला.

सुट्टीच्या दिवशी दोघं कामाला लागली. तो पोतं अंथरून बंपरखाली उताणा झोपला आणि पत्र्याच्या तुकड्यानं थर खरवडू लागला. ती बॉनेट उघडून वरून रॉकेलचा ब्रश मारत होती. भिजलेला चिखल लगद्यासारखा सुटून खालच्या चेपलेल्या जुन्या टबात पडत होता.

"लग्नाच्या दिवशी तरी एवढं घासून अंघोळ केली होतीत का?" तिनं विचारलं.

"तोंड बंद ठेव, नाहीतर सगळं माझ्या तोंडात पडेल," खालून उत्तर आलं.

उस्ताद ओट्यावर खुर्ची टाकून बघत बसले होते. ती साबणाचं गरम पाणी आणायला आत गेली. बादली घेऊन परतली तेव्हा खुर्ची रिकामी होती आणि ट्रकच्या केबिनचं दार धाडकन लागल्याचा आवाज आला.

उस्ताद स्टेअरिंगवर बसले होते. पाठ ताठ, नजर समोर.

"अगं, ऐकतेस का?" बंपरखालून नवऱ्याचा आवाज आला, अगदी हळू. "वर कोण चढलं?"

"आबा."

मग तो म्हणाला, "किल्ली वर राहिलीय. आणि माझा हात अडकलाय."

ती वाकली. त्याचा उजवा हात कोपरापर्यंत पंख्यामागे गेला होता. घड्याळ काढायचं तो विसरला होता, आणि घड्याळाची साखळी पंख्याच्या बोल्टमागे अडकून बसली होती. तो ओढत होता तशी ती आणखीच घट्ट होत होती. इंजिन एकदा जरी फिरलं असतं तरी मनगट राहिलं नसतं.

"बॅटरी सोडवू?"

"पाना इथं माझ्या पाठीखाली आहे, आणि नट गच्च आवळलेत. तेवढा वेळ नाही. त्यांना खाली उतरव. ओरडू नकोस, दचकले तर किल्ली फिरवतील."

ती जनावरांच्या दवाखान्यात मदतनीस होती. बिथरलेल्या जनावराकडे धावत जायचं नसतं, हे तिच्या अंगात मुरलेलं होतं. सासऱ्यांच्या बाबतीत तेच आठवावं याची तिला लाज वाटली, पण पाय आपोआप सावकाश पडू लागले. ती दाराशी गेली.

"आबा, चहा टाकलाय. खाली येता?"

उस्तादांनी तिच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. "माल वेळेत पोचला पाहिजे. क्लीनर कुठं मेला? मागे बघायला कोणी नाही, गाडी काढू कशी?"

त्यांचा हात किल्लीवर गेला.

ती ट्रकच्या मागे पळाली. लग्न होऊन आली तेव्हा उस्ताद जेवताना रस्त्याच्या गोष्टी सांगायचे. क्लीनरनं मागच्या फळीवर एक थाप मारली की थांबायचं, दोन मारल्या की चलायचं. तिनं सगळा जोर लावून फळीवर हात मारला. एकदाच.

इंजिन फिरलं नाही.

"काय झालं रे?" उस्तादांचा खणखणीत आवाज आला. असा आवाज तिनं कित्येक महिन्यांत ऐकला नव्हता.

"थांबा उस्ताद!" तिनं घसा खरखरीत केला. "मागे गाडी आडवी आहे!"

"हॉर्न दे म्हणावं त्या गाढवाला! रस्ता काय सासऱ्यानं आंदण दिलाय?"

तिला हसू आणि रडू एकदमच आलं. किल्लीचा हलका खटका ऐकू आला. केबिनमधला लाल दिवा लागला असणार. आता फक्त पुढचा अर्धा झटका बाकी होता. खाली नवरा कण्हत होता, साखळी ओढत होता. तिनं पुन्हा एकच थाप मारली आणि तशीच दाराकडे चालत आली. पायरीवर चढून तिनं आत हात पसरला.

"उस्ताद, टाकीच्या झाकणाला कुलूप आहे. डिझेल भरायचंय. किल्ली द्या."

उस्तादांनी भुवया उंचावल्या. "बाईमाणूस? क्लीनर?"

"नवीन लागलेय."

ते तिच्या काळ्या झालेल्या हातांकडे बघत राहिले. पसरलेला हात स्थिर ठेवायला तिनं कोपर दाराला टेकवलं.

"डिझेल भरल्याशिवाय निघू नये," शेवटी ते म्हणाले. "दगा देते गाडी." किल्ली बाहेर आली आणि तिच्या तळव्यावर पडली.

ती पायरीवरून उतरली नाही, घसरलीच. किल्ली ब्लाउजमध्ये खोचून ती बंपरखाली शिरली. थरातून चिमटाभर ग्रीस खरवडून तिनं नवऱ्याच्या मनगटाला चोपडलं, बोटं आत घालून चाचपत साखळीचा खटका शोधला, दाबला. घड्याळ आतच राहिलं. हात मात्र बाहेर आला. मनगटाभोवती सालपटं निघालेली, रक्त काळ्या चिखलात मिसळलेलं.

दोघं बराच वेळ मातीत तशीच बसून राहिली. तो तिच्या पाठीवर डाव्या हातानं थोपटत राहिला.

"भंगारात घालतो," तो म्हणाला. "उद्याच."

उस्ताद कधी खाली उतरले ते कळलंच नाही. समोर येऊन उभे राहिले, मुलाच्या मनगटाकडे बघितलं आणि त्यांचा चेहरा एकदम म्हातारा झाला. "पोरा, अरे, काय हे? कुणी केलं?"

मुलानं तोंड उघडलं. बायकोनं त्याचा गुडघा दाबला.

"पंख्यात अडकला, आबा," तो म्हणाला.

"इंजिनात हात घालायचा तर किल्ली आपल्या खिशात ठेवावी. मी तुला इतकंसुद्धा शिकवलं नाही?" उस्तादांचा आवाज कापत होता. ते खाली बसले, खांद्यावरचा पंचा काढला आणि मुलाचं मनगट बांधू लागले. गाठ त्यांना जमेना. सुनेनं एक टोक धरलं.

हाताला टाके घालून आणले, तोवर दुपार झाली. नवऱ्यानं सगळ्यात आधी बॅटरी काढून गॅरेजमध्ये परत केली. भंगाराचा विषय त्यानं पुन्हा काढला नाही. तिनंही विचारलं नाही.

संध्याकाळी ती मागे गेली तर उस्ताद बॉनेटपाशी उभे होते. हातात ब्रश होता आणि ते इंजिनाची एक बाजू मन लावून घासत होते. थराखालून लोखंडाचा करडा रंग दिसायला लागला होता. तिनं रॉकेलचा डबा त्यांच्या हाताशी सरकवला आणि दुसरा ब्रश घेऊन शेजारी उभी राहिली.