लेथवरचा पावणा

सोऱ्यापायी कुणी वर्षभर मान खाली घालून फिरतं का? वीतभर पितळी नळकांडं, वरून दाबायला दट्ट्या, खाली चांदणीची चकती. दिवाळीत चार दिवस चकल्या पाडायच्या आणि वर्षभर फडताळात ठेवून द्यायचा. पण त्र्यंबकराव उमराणीकरांना जन्मभर पुरेल एवढी लाज त्या वीतभर नळकांड्यात मावली. कशी, ते सांगतो.

त्र्यंबकराव उद्यमनगरात ऑइल इंजिनच्या एका कारखान्यात सुपरवायझर होते. माणूस वाईट नव्हता. वेळेवर यायचा, कुणाच्या अध्यात ना मध्यात. पण भित्रा. आणि भित्र्या माणसाच्या हातून जी पापं होतात ती उघड गुंडाच्या बापाला जमणार नाहीत.

त्या कारखान्यात एक शब्द होता, पावणा. कामाच्या कार्डावर नसलेला नग लेथवर चढला की कामगार एकमेकांना डोळा घालून म्हणायचे, "पावणा आलाय." कुणाच्या स्टोव्हचा बर्नर, कुणाचा अडकित्ता, कुणाच्या फाटकाची बिजागरी. पावणा कुणाचा, हे विचारायची रीत नव्हती. दारात आलेल्या माणसाला आपण आधी पाणी देतो, नाव मग विचारतो, तसंच ते.

त्र्याहत्तर सालच्या दसऱ्याआधी मालकांना या पावण्यांचा सुगावा लागला. भिंतीवर नोटीस चढली, यंत्रावर खाजगी काम करणाऱ्यास कामावरून काढण्यात येईल. खाली सही त्र्यंबकरावांची. नोटिशीची खळ वाळते न वाळते तोच त्यांच्या घरचा लाकडी सोऱ्या उभा चिरला आणि कालिंदीबाई म्हणाल्या, "एवढ्या कारखान्यात बसता, एक सोऱ्या होत नाही तुमच्याच्यानं?"

झालं. लोकांना ब्रह्मज्ञान सांगणारे त्र्यंबकराव दुसऱ्या दिवशी पितळेचा तुकडा घेऊन कृष्णातच्या लेथपाशी उभे राहिले.

कृष्णात पाचगावहून सायकलीवर यायचा. त्याच्यासारखा टर्नर त्या ओळीत दुसरा नव्हता. दोन दिवसांत, जेवणाच्या सुट्टीत काम करून, त्यानं सोऱ्या हातात ठेवला. पण कालिंदीबाईंनी आत बोट फिरवलं आणि नाक मुरडलं, "आतून खरखरीत आहे हो. पीठ चिकटेल."

सोऱ्या परत आला.

"आतून आरसा पाहिजे, कृष्णात," त्र्यंबकराव म्हणाले.

"काठीला पॉलिशपेपर गुंडाळून तेवढी चकाकी येत न्हाय, साहेब. फिरत्या नगात बोट घालाय लागतंय."

"मग घाल की."

एवढंच बोलून ते निघून गेले. त्यांना धोका माहीत नव्हता असं म्हणू नका. पंधरा वर्षं त्याच लेथांमधून फिरणारा माणूस तो.

दुपारी साडेतीनला ओळीतली सगळी यंत्रं एकदम थांबली. पेपर नळकांड्यात अडकला होता आणि त्यानं कृष्णातची उजव्या हाताची दोन बोटं ओढून नेली होती, अंगठ्याजवळचं आणि मधलं. माणसांनी त्याला रिक्षात घालून थोरल्या दवाखान्यात नेलं. मागे लेथपाशी मालक आले. त्यांनी तो पितळी नग उचलला. इंजिनात बसणारा नव्हता, हे शेंबडं पोरही सांगेल.

"हे काय?"

"त्याचं घरचं काहीतरी असेल," त्र्यंबकराव म्हणाले.

तोंडातून गेलं. अगदी खरं सांगायचं तर ते आधी बोलले आणि काय बोललो ते मग त्यांना कळलं. परत घ्यायला अर्धं मिनिट होतं. ते गेलं. मग मालकांनी अपघाताचं रजिस्टर पुढे सरकवलं आणि त्र्यंबकरावांनी आपल्या सुरेख अक्षरात लिहिलं, कामगार स्वतःचे खाजगी काम करीत असता इजा झाली. तो नग मालकांनी भंगारात फेकला. कृष्णातच्या शेजारच्या लेथवरच्या पिराजीनं तो उचलून कृष्णातच्या कपड्यांच्या पिशवीत घातला.

तिसऱ्या दिवशी त्र्यंबकराव मोसंबी घेऊन दवाखान्यात गेले. कृष्णातची बायको बनाबाई पटकन उठली आणि स्वतःचं स्टूल पदरानं पुसून तिनं त्यांच्याकडे सरकवलं. त्या स्टुलावर बसताना त्र्यंबकरावांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. कृष्णातचा हात पांढऱ्या गाठोड्यासारखा उशीवर होता.

तो हळूच म्हणाला, "साहेब, मालक आलते. कुणाचा पावणा म्हणून इचारत हुते. तुमचं नाव मी घेतलं न्हाय."

आणि तो त्र्यंबकरावांच्या तोंडाकडे बघत राहिला.

त्र्यंबकरावांचा जीव भांड्यात पडला. तो पडल्याचा आवाज बहुतेक त्यांना एकट्यालाच आला, आणि आपल्याला हायसं वाटलं याचीच त्यांना अशी शरम आली की ते मोसंब्यांची पिशवी उगाच या हातातून त्या हातात करीत राहिले. "बरा हो लवकर," म्हणाले. "मी बघतो तुझं काय करायचं ते."

काय बघितलं? काही नाही. बनाबाईनं गावातल्या कुणाकुणाला विचारत वकील गाठला, भरपाईचा अर्ज केला. कारखान्यानं उत्तरात एकच ओळ दिली, काम खाजगी होतं, आमचा संबंध नाही. पुराव्याला जोडलं ते रजिस्टरचं पान, त्र्यंबकरावांच्या सुरेख अक्षरातलं. कृष्णातला कामावर परत घेतलं नाही. तो राजारामपुरीत एका सायकलच्या दुकानात डाव्या हातानं पंक्चर काढायला लागला. त्र्यंबकराव कारखान्यात जाताना तो रस्ता टाळून लांबून जायला लागले. जनाची नाही तरी मनाची म्हणतात ना, ती ही.

पुढच्या दिवाळीच्या तोंडावर कामगार कोर्टात दाव्याची सुनावणी झाली. न्यायाधीश शांत होते, चष्मा पुसत ऐकत होते. कृष्णातला म्हणाले, "नीट ऐका. हे काम तुम्ही आपल्या मनानं केलं असेल तर भरपाई मिळणं कठीण आहे. पण वरच्या माणसानं करायला सांगितलं असेल, तर ते नोकरीतलंच काम धरता येईल. तुम्हाला कुणी सांगितलं होतं?"

कृष्णातनं एकदा त्र्यंबकरावांकडे पाहिलं.

"न्हाय, साहेब. माझाच पावणा हुता."

मग कारखान्याचे साक्षीदार म्हणून त्र्यंबकरावांना पुकारलं. शपथ झाली.

"तुम्ही सांगितलं होतं का?"

बनाबाई मागच्या बाकावर बसली होती. तिच्यासमोर, शपथेवर, त्र्यंबकराव म्हणाले, "नाही."

निकालाला दिवाळीनंतरची तारीख पडली. बाहेर पायरीवर कृष्णातनं त्यांना गाठलं. डाव्या हातानं पिशवीतून कागदात गुंडाळलेली वस्तू काढली.

"वैनींचा सोऱ्या. राहून गेलता. घरी बसून घासला सावकाश, पेपरनं. आता पीठ चिकटायचं न्हाय."

नको म्हणावं, तर का नको ते सांगावं लागलं असतं. त्र्यंबकरावांनी सोऱ्या घेतला. घरी कालिंदीबाईंना म्हणाले, "तो पहिला बिघडला. हा बाजारातून आणलाय."

वसुबारसेला भाजणी मळली गेली. पहिली चकली पडली ती सरळ, अखंड, काटेदार. कालिंदीबाई हरखल्या. शेजारणीला हाक मारून दाखवलं, आणि मग त्र्यंबकरावांपुढे सोऱ्या धरला. "हात घालून बघा तरी. बोट कसं सरकन जातंय आतून."

त्यांनी नको नको म्हटलं. कालिंदीबाईंनी त्यांचा हात धरून बोटं आत घातली. नेमकी तीच दोन, अंगठ्याजवळचं आणि मधलं. आतलं पितळ गार होतं आणि खरोखर आरशासारखं होतं. एक माणूस एका हातानं, तोही डावा, किती महिने हे घासत बसला असेल? त्र्यंबकरावांना हात बाहेर काढता येईना. काढला तेव्हा ते न्हाणीघरात गेले आणि बराच वेळ तिथून आले नाहीत. त्या दिवाळीत त्यांनी चकली तोंडात घातली नाही. पोटाचं काही असेल, असं कालिंदीबाईंना वाटलं.

निकालाच्या दिवशी कोर्टात त्यांचं काही काम नव्हतं. तरी ते गेले, हातात पिशवी घेऊन. दाव्याचं नाव पुकारलं तसे उठून पुढे गेले आणि सोऱ्या न्यायाधीशांच्या टेबलावर ठेवला. कारखान्याचे वकील काहीतरी म्हणत होते, ते त्यांना ऐकू आलं नाही.

"साहेब, हा पावणा माझा आहे," ते म्हणाले. "मी सांगितला होता. बोट घाल, असंही मीच सांगितलं."

न्यायाधीशांनी लेखणी खाली ठेवली. "शपथेवर नाही म्हणालात तुम्ही. वर्षभर काय करत होता?"

"भ्यालो, साहेब. आणि मग लाज वाटली म्हणून गप्प राहिलो."

जबाब नव्यानं लिहिला गेला. खोट्या साक्षीबद्दल न्यायाधीशांनी त्यांना सगळ्यांदेखत जे ऐकवलं ते इथं लिहीत नाही. खाली मान घालून त्यांनी ते ऐकलं. भरपाई मंजूर झाली. नोकरी गेली, हे कारखान्याच्या वकिलांच्या चेहऱ्यावरूनच त्यांना कळलं. पण बाहेर येताना छातीवरचा धोंडा उतरल्यासारखं वाटत होतं. आता कृष्णात हात हातात घेईल, बनाबाई डोळे पुसेल, असलं काहीतरी मनात होतं. माणूस कबुलीसुद्धा फुकट देत नाही.

कृष्णात पायरीवर उभा होता. बनाबाईला त्यानं पुढे व्हायला सांगितलं. त्र्यंबकराव जवळ गेले.

"कृष्णात, माझं चुकलं."

कृष्णातच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर बरं झालं असतं.

"साहेब, त्या दिवशी दवाखान्यात मी म्हणालो, तुमचं नाव घेतलं न्हाय," तो म्हणाला. "तवा मला वाटलं हुतं, तुम्ही म्हणशीला, घे की."