काकांचे न मोडलेले नमुने

सकाळी लेकीचं कपाळ गरम होतं की आपलाच हात गार होता, हे तिला अजून ठरवता येत नव्हतं. घाईघाईत औषध पाजून तिला पाळणाघरात सोडलं, तेव्हापासून फोन टेबलावर उताणा. दर दोन मिनिटांनी ती फोनकडे बघायची आणि मग समोरच्या खडकाकडे.

खडक म्हणजे तेलविहिरीच्या तळातून काढलेले लांब दंडगोल, पेट्यांत ओळीने मांडलेले. कोट्यवधी वर्षांपूर्वीचं वाळवंट. टेकडीच्या उतारावरून घसरलेल्या भरड वाळूचे जाड पट्टे आणि मधे मधे वाऱ्याने पसरलेल्या बारीक वाळूचे पातळ, घट्ट. तेल वाहिलं तर भरड पट्ट्यांतूनच. पण या दंडगोलांतून कापलेल्या छोट्या नमुन्यांवर काढलेले प्रयोगशाळेचे आकडे सांगत होते, वाहणारच नाही. दोन वाजेपर्यंत भूवैज्ञानिक म्हणून तिने सही केली की विहिरीत सिमेंट ओतायचं. कायमचं.

"अजून तेच बघताय?" नमुने कापणारे काका यंत्र पुसत म्हणाले. "दगड आहे तो. उबवून पिल्लू नाही निघायचं."

"काका, डोळ्यांना भरड दिसतंय आणि आकडे घट्ट म्हणतात."

"आकड्यांना हवी तेवढी नावं ठेवा, माझ्या नमुन्यांना नको. साठ कापले, एकाचाही टवका उडालेला नाही."

तिचा हात पेटीवरच थांबला. "एकही मोडला नाही?"

"ठिसूळ जागी यंत्र लावायचंच कशाला? नुसता भुगा. टणक जागा बघायची आणि..." काकांनी हातातलं फडकं खाली ठेवलं.

नमुने काढल्यावर दंडगोलांत राहिलेली भोकं ती तपासत सुटली. पहिलं, दुसरं, दहावं. सगळी घट्ट पट्ट्यांत. पर्स चाचपली तर औषधाचा ड्रॉपर हाताला लागला. घट्ट पट्ट्यावर तिने त्यातून टेबलावरच्या ग्लासातल्या पाण्याचा थेंब सोडला. मण्यासारखा बसून राहिला. भरड पट्ट्यावर सोडला, तो हात उचलायच्या आत गडप.

तिने साहेबांना फोन लावला.

"मागच्या वेळीही तुम्हाला असंच वाटलं होतं," साहेब म्हणाले. "आठवडा फुकट गेला."

"हो, तेव्हा चुकले होते." "पण आज सही करणार नाही. भरड पट्टे गोठवून कापू, म्हणजे भुगा होणार नाही. मग मोजू."

साहेबांनी मुदत दिली. "शुक्रवार. त्यानंतर एक अक्षर ऐकणार नाही."

फोन ठेवल्यावर तिने आणखी एक थेंब सोडून पाहिला. तोही गेला.

"चांगले म्हणून निवडले," काका पुटपुटले, "आणि चांगलेच सोडले."

तेवढ्यात फोन वाजला. पाळणाघर! पहिल्या घंटीलाच तिने उचलला.

"ताप चढलेला नाही हो, खेळतेय," तिथल्या ताई म्हणाल्या. "पण दोनचं औषध द्यायचंय आणि बाटलीबरोबर ड्रॉपरच नाही."

हातातल्या ड्रॉपरच्या टोकाला लाल वाळू चिकटली होती. "आलेच," म्हणत ती पर्स उचलून निघाली.

"उकळून घ्या आधी!" काका मागून ओरडले. "कोट्यवधी वर्षांची धूळ आहे त्याला!"