वाळलेला वाफा

सार्वजनिक बागेतले सगळे वाफे हिरवेगार होते, फक्त शिवणकाम करणाऱ्या मावशीचा सोडून. तिथे घेवड्याच्या अकरा वेलांवर शेंगा वाळत होत्या. बागेच्या मंडळाचा अध्यक्ष, म्हणजे तिचा सख्खा भाचा, विळा घेऊनच आला.

"मावशी, उद्या बागांच्या स्पर्धेचे परीक्षक येणार. हा पाचोळा आजच उपटायचा."

"आठ दिवस थांब. शेंग वेलावर खुळखुळली की मगच बी पक्कं होतं."

"दुकानात बियाण्याची पाकिटं ढिगानं मिळतात."

"तो घेवडा फुलावर येईपर्यंत इथल्या थंडीनं करपतो. हा सासूबाईंचा, सत्तर दिवसांत पिकणारा. बरणीतल्या बियांना कीड लागली. आता उरलाय तो एवढाच."

"अगं, चषक जाईल हातचा!"

जन्मभर गिऱ्हाइकांच्या होला हो करणाऱ्या मावशीने घरून शिवणयंत्रापुढची खुर्ची आणली, वाफ्याच्या मधोमध ठेवली आणि ठाण मांडून बसली.

"उपट. पण आधी मला. मी याच्याहून वाळलेली आहे."

"लोक हसतील, मावशी."

"हसू देत. चषकाला कोंब फुटतो का रे?"

दुसऱ्या दिवशी परीक्षक आले, तेव्हाही ती तिथेच होती. कुणासाठी उठली नाही. चषक गेला. भाच्याने अबोला धरला.

नवव्या दिवशी मावशीने शेंगा सोलल्या आणि पहिली मूठ घेऊन थेट त्याचं दार वाजवलं.

"धर. पुढच्या वर्षी तुझ्याही वाफ्यात वाळव. बघू कोण हसतं ते."