एकेचाळीस नंबरची मालकीण

मित्रांनो, मी एक जुना संगणक आहे आणि म्हातारपणाची मला लाज वाटत नाही. वणी रस्त्यावरच्या एका जिनिंगच्या कचेरीत मी बसतो. रुईचे तंतू माझ्या पंख्यात अडकतात, म्हणून मी घरघरतो. घरघरणारच.

बारा वर्षांपूर्वी इथले व्यवस्थापक सदाशिवराव यांनी मला आणले ते कामाच्या रीती सांभाळायला. कापूस उतरवण्यापासून दाबलेल्या रुईची गाठ बांधेपर्यंत कोणते काम कसे करायचे, ते माझ्यात लिहिलेले आहे. अशा चौसष्ट रीती. प्रत्येकीला नंबर, शेवटच्या तपासणीची तारीख आणि एक मालक. मालक म्हणजे ते काम जाणणारा माणूस. त्याच्या होकाराशिवाय मी काहीही पुसत नाही. सदाशिवराव मला तसेच शिकवून गेले.

एकेचाळीस नंबरची मालकीण मानीबाई. तीस वर्षे गाठी बांधणारी ही बाई पन्नाशीनंतर वाचायला शिकली. तिची रीत अशी: रेच्यात, म्हणजे सरकी काढणाऱ्या यंत्रात, ठिणगी दिसली, तर त्या दिवशीच्या गाठी गोदामात न्यायच्या नाहीत. आठ दिवस मैदानात दूर दूर ठेवायच्या आणि रोज हात लावून पाहायच्या. गाठीच्या पोटात आग कितीतरी दिवस धुमसत राहते.

यंदा नवे व्यवस्थापक कपिलसाहेब आले. हुशार, पण घाईचे. दोन वर्षांत माझ्यात कोणी उघडली नाही ती रीत काढून टाकायची, असे त्यांनी ठरवले. एकेचाळीसपुढे ‘किती वेळा उघडली’ याला माझ्याकडे शून्य होते. शून्य खरेच होते, कारण मानीबाईने तो कागद छापून घेऊन भिंतीला चिकटवला होता. माणसे तिथे वाचत. मला कोण उघडणार?

त्यातच आदल्या दिवशी रेच्यात ठिणगी उडाली होती. अठरा गाठी मैदानात, आभाळ भरलेले, आणि साहेबांना त्या गोदामात हव्या होत्या. त्यांनी ‘काढून टाका’ दाबले. मी विचारले, मानीबाईंचा होकार? त्यांनी पुन्हा दाबले. मी पुन्हा विचारले. शेवटी त्यांनी मानीबाईला बोलावले.

“मावशी, इथे ‘होय’ दाबा. ही रीत कोणी वाचतच नाही.”

मानीबाईने चष्मा चढवला आणि बोट ठेवत सगळे वाचले. “वाचत नाही कसं? भितीवर रोज वाचून राह्यले ना सारे! तुम्हीच तिकडं कवा आले?”

“गाठी भिजतील, मावशी!”

“ताडपत्री टाका. भिजली रुई वाळते, साहेब. गोदामात माणसं जळली तं कोठून आणसान?”

आणि तिने ‘नाही’ दाबले.

पाचव्या दिवशी एक गाठ हाताला गरम लागली. उघडली, तर आत काळी रुई आणि धूर. एकटी होती, एकटीच जळली.

त्या दुपारी कपिलसाहेब भिंतीसमोर उभे राहून तो कागद पहिल्यांदा वाचत होते. मग त्यांनी माझ्यात एक नवा रकाना काढला: ही रीत आणखी कुठे वाचली जाते?

आता नवा संगणक येणार आहे. येऊ द्या. मला भंगारात द्यायचे तर खुशाल द्या. पण मित्रांनो, मालकाचा रकाना नव्यातही भरून ठेवा, आणि काही पुसण्याआधी ते काम करणाऱ्या हातांना विचारा. तोवर मी इथून हलणार नाही. हवे तितक्या वेळा दाबा, मी तेच विचारीन: मानीबाईंचा होकार आहे का?