हळदीच्या कागदाचा कौल

शाळा सुटायला तास होता, तरी चित्रकलेच्या वर्गाच्या खिडक्यांना बायका लगडल्या होत्या. कुणी आगरदांड्याच्या जेटीवरून मासळीची टोपली तशीच टाकून आलेली, कुणी खाचरातून चिखलाच्या पायांनी. त्यांच्यातच गजांना कपाळ टेकून मृणाल उभी होती. आत दुसऱ्या बाकावर तिची मानसी. नऊ वर्षांची.

फळ्यापुढे विनेश सर. जूनमध्ये रुजू झाले ते ‘पानाफुलांचे रंग’ शिकवायला. महिनाभरात रंग मागे पडले आणि कौल पुढे आला. देवळात गुरव पाकळ्या लावून कौल मागतो, तसा सर कागदाला मागायचे. मुलांनी कागदावर हळदीचं पाणी फासायचं, वाळवायचं. मग सर पुटपुटत ब्रशाने त्यावर थेंब टाकायचे.

“माणूस खोटं बोलतो, माऊल्यांनो! पंचांग चुकतं, हवामान खातं तर रोजच चुकतं. पण हळदीचा कागद? त्याला वरून आदेश येतो!”

सगुणाच्या सुजितच्या कागदावर थेंब पडला. कागद पिवळाच राहिला.

“घर स्वच्छ!” सर म्हणाले. खिडकीत सगुणाने पदराने डोळे टिपले.

मग सर मानसीपाशी आले.

“घरात देव कुठले गं?”

“बुद्ध आहेत,” मानसी म्हणाली.

“मी देव विचारले. बरं, बाबा काय करतात?”

“दिघीच्या फेरीबोटीवर असतात.”

सरांनी डोळे मिटले. थेंब टाकला. कागदावर लाल डाग उमटला. दुसरा थेंब, दुसरा डाग. वर्गात एक पोर रडायला लागलं.

“पाण्यावर घात आहे,” सर हळू आवाजात म्हणाले. “अमावस्येच्या आत. घरातल्या कर्त्यावर.”

खिडकीतल्या बायका मृणालपासून पावलभर सरकल्या. तिला ते दिसलं. 

उताराही सरांनीच सांगितला. पुढच्या शनिवारी लिंबू घेऊन यायचं. पोरीने सगळ्यांसमोर देवाची माफी मागायची, तळहातावर पेटता कापूर धरायचा, मग डाग आपोआप जाईल. खात्री पटावी म्हणून त्यांनी एका मुलाच्या, आधीच लाल निघालेल्या कागदावर लिंबू पिळलं. लाल विरलं, कागद पुन्हा पिवळा झाला. बायकांनी हात जोडले.

त्या रात्री मानसी जेवली नाही. दुसऱ्या दिवशी हर्षद कामावर निघाला, तर ती त्याच्या पायाला घट्ट बिलगली.

“बाबा, नको ना जाऊ. कागद म्हणाला.”

“अगं वेडे, केवढी मोठी बोट ती! चाळीस गाड्या मावतात, तुझा बाबा नाही मावायचा?” हर्षद हसला. पण निघताना दारात क्षणभर थांबला, हेही मृणालने पाहिलं.

मृणाल बी.ए. झालेली. हे असलं काही नसतं, हे तिला पाठ होतं. पण पाठ असणं वेगळं आणि भरतीचा आवाज ऐकत पोरीचं भरलेलं ताट तसंच उचलणं वेगळं. खोटंच असेल. पण नसलं तर? ती दिवसातून दोनदा जेटीवर जाऊन बोट दिसेपर्यंत उभी राहू लागली. बुधवारी तिने कापराची पुडी आणली आणि तांदळाच्या डब्यात लपवली. कापूर क्षणभरच तर धरायचा. सासूला, गोदूबाईंना, सांगायची हिंमत नव्हती. छप्पन साली बौद्ध धम्म घेताना त्यांच्या सासऱ्यांनी कौल, उतारे, अंगारे सगळं सोडलं होतं, आणि ती गोष्ट गोदूबाई येईल-जाईल त्याला ऐकवायच्या.

गुरुवारी ती मोरीत मानसीचा गणवेश धूत होती. बाहीवर वर्गातल्या हळदीचा पिवळा ओघळ होता. तिने साबण घासला.

बाही लाल झाली.

मृणाल किंचाळली. मानसी धावत आली, बाही पाहिली आणि तिथेच मटकन बसली. “आई, रक्त! इथपण आलं!”

गोदूबाई काठी टेकत आल्या. “काय गो, काय झाला? जनावर निंगाला काय?”

मृणालने बाही पुढे केली. म्हातारीने पाहिलं आणि तिला हसूच फुटलं.

“अगो, हलद ती! साबू लागला की लालच व्हते. तुज्या हलदीची साडी न्हाय का अशीच लाल झाली व्हती? तवा बरी न्हाय किंचाललीस!”

मृणाल ओल्या फरशीवर बसून राहिली. हळदीचा डाग, साबण, लाल. कालवणाचं फडकं धुताना गावातल्या प्रत्येक बाईने शंभरदा पाहिलेलं! मोरीत दिसलं तर डाग आणि वर्गात दिसलं तर घात?

ती उठली. कागदाला हळद फासली, वाळवली. नुसतं पाणी टाकलं: पिवळा. साबणाचं पाणी: लाल. लिंबू: पुन्हा पिवळा. मानसी डोळे फाडून बघत होती.

“पण आई, सुजितचा का नाही झाला?”

मृणालने डोळे मिटून वर्ग आठवला. सरांच्या टेबलावर दोन मग होते. सुजितच्या वेळी ब्रश बुडाला तो पांढऱ्यात. मानसीच्या वेळी, निळ्यात. आणि बाबांचं काम त्यांनी आधी विचारलं होतं, घात पाण्यावर आहे हे नंतर सांगितलं होतं.

शनिवारी खिडक्या गच्च भरल्या. मानसीच्या तळहातावर कापराची वडी ठेवलेली, सरांच्या हातात काडेपेटी. सगळ्यांसमोरच दाखवायचं ठरवून मृणाल वर्गात शिरली.

“सर, थांबा. आधी हिच्या कागदावर पांढऱ्या मगातलं पाणी टाका. आणि सुजितच्या कागदावर निळ्यातलं.”

“कौल दोनदा मागत नाहीत, ताई. श्रद्धा लागते.” सरांनी काडी ओढली.

मृणालने पोरीच्या हातावरची वडी झटकली. ती जमिनीवर घरंगळली. मग निळ्या मगात चार बोटं बुडवून तिने फळ्यावर टांगलेल्या, सरांनी स्वतः हळदीने रंगवलेल्या कागदावर पंजा उमटवला.

लालभडक पंजा!

“अग बाय!” खिडकीतून सगुणा ओरडली. “सरांच्याबी घरात देव न्हाय काय?”

पोरं खिदळली. गोंधळ ऐकून मुख्याध्यापिका जयमालाबाई आल्या. त्यांनी निळ्या मगातलं पाणी बोटांवर चोळलं.

“बुळबुळीत आहे. धुण्याचा सोडा. मुलांनो, सोड्याने हळद लाल होते, लिंबाच्या आंबटाने परत पिवळी. चुना लावून कुंकू करतात ते याच रीतीने. यात ना आदेश, ना घात.”

“मॅडम, मुलांना वळण लागावं म्हणून…” सर पुटपुटले.

“नऊ वर्षांच्या पोरीच्या हातावर आग, हे वळण?” बाईंचा आवाज चढला. “चित्रकलेच्या तासाला रंग शिकवायचे, विनेश सर. कुणाच्या घरात कुठला देव आहे आणि कुठला नाही, हे मोजायचं नाही. संस्थेला मी आजच लिहिते. तोवर वर्गात पाऊल टाकू नका.”

सोमवारी अमावस्या होती. सगळं कळूनही संध्याकाळी मृणाल जेटीवर गेलीच. भीती अशी एका दिवसात उतरत नाही. बोट लागली, गाड्या उतरल्या, त्यांच्या मागून हर्षद आला. “डबा पुरला नाही, भूक लागलीय,” म्हणाला. मानसी त्याच्या आधी घरी पळाली आणि त्याच्या आधी जेवायला बसली. जेवून झाल्यावर तिने हळदीच्या कागदावर साबणाच्या बोटाने बोट काढली. लाल बोट, चाळीस गाड्यांची, टोकाला बाबा.

तो कागद आता मृणालच्या दाराला लावलेला आहे. गावात कुणी नवा चमत्कार सांगत आलं की ती त्याकडे बोट दाखवते. तुम्हीही घाबराल, शिकलेली माणसंही घाबरतात, त्यात लाज नाही. पण घाबरलात तरी हात जोडण्याआधी एवढंच विचारा: पाणी कुठल्या मगातलं?