नेमाची बॅग

दाराच्या मागे, छत्रीच्या शेजारी जरा बघा. हो, तीच, केशरी फुलाफुलांची. मी बोलतेय! जिमची बॅग. इतके दिवस खुंटीवर गप्प लटकून राहिले, पण आता माझ्या पोटात काही राहत नाही. चेन बिघडलीय ना, म्हणून असेल.

तशी मी जन्माने पडदाच. माझी मालकीण घरी पडदे शिवून देते. कुणाच्या तरी दिवाणखान्याचे पडदे बेतल्यावर जे कापड उरलं, ते मी. माझ्या सख्ख्या बहिणी आज मोठ्या खिडकीत ऐटीत झुलतात, ऊन खातात, रस्त्यावरची गंमत बघतात. माझ्या नशिबी बूट, टॉवेल आणि घामेजलेले मोजे आले. पण खरं सांगू? मला त्यांचा हेवा वाटत नाही. पडद्याला खिडकी सोडून कुठे जाता येतं?

मला शिवलं ते ढब्बूमुळे. ढब्बू म्हणजे मालकिणीची एकुलती एक लेक. वय तेव्हा पाच व्हायला आलेलं. खोलीत आधी तिचे गाल येतात, मागून ती येते. एकदा मालकीण शिवणाच्या मशीनवरून उठून तिला उचलायला गेली आणि कंबरेत अशी काही उसण भरली की बिचारी वाकली ती वाकलेलीच राहिली. डॉक्टरांनी औषध दिलं आणि बजावलं, "आता मुलीला उचलायचं नाही. आधी पाठ-कंबर बळकट करा. व्यायाम करा, पण शिकवणाऱ्या माणसासमोर. मग बघू."

ढब्बूला हे अजिबात पटलं नाही. ती रोज दोन्ही हात वर करून समोर उभी राहायची. "आई, कडेवर!" मालकीण खाली बसून तिला कुशीत घ्यायची, गालांचे पटापट पापे घ्यायची. पण कूस वेगळी आणि कड वेगळी, हे पोरांना बरोबर कळतं. "अशी नाही गं, वर!"

त्या संध्याकाळी मालकिणीने देवापुढे हात जोडले. "सलग तीन महिने जिमला जाईन. एकही खाडा होऊ देणार नाही. पण पोर मोठी होऊन 'मला नको उचलू' म्हणायच्या आत, एकदा तरी तिला कडेवर घेऊ दे." एवढं बोलून ती उठली आणि मला शिवायला बसली. म्हणजे बघा, कापडाची असले तरी मी नवसाची आहे!

जिम टायरच्या दुकानाच्या वर. सकाळी बायकांची बॅच. पहिल्या दिवशी मला फळीवर ठेवलं तर आजूबाजूला सगळ्या काळ्या, करड्या, तुकतुकीत बॅगा. त्यांनी मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. एकीने विचारलंसुद्धा, "तू कुठल्या खिडकीची गं?" मी म्हटलं, "अजून बसवली नाही." मग काय, सगळ्या मिळून इतक्या हसल्या की एकीचा डबा आतल्या आत सांडला.

ट्रेनर म्हणजे एक तरतरीत मुलगी, गळ्यात शिट्टी, आणि आवाज असा की खालच्या दुकानातले टायर पंपाशिवाय फुगावेत. तिने मालकिणीकडून मान फिरवून घेतली, खांदे फिरवून घेतले, हात वर-खाली करवले. "आज पहिला दिवस, एवढं पुरे ताई." मालकीण अशी खुशीत घरी निघाली की मी तिच्या खांद्यावर झोके घेत होते.

असे चार-सहा दिवस छान गेले. मग घर जागं झालं.

घरधनी लिफ्ट दुरुस्त करतात. कुठे ना कुठे कुणीतरी दोन मजल्यांच्या मधे अडकलेलं असतंच, आणि नेमकं सकाळीच अडकतं. फोन आला की ते पळणार, आणि ढब्बूची शाळा मालकिणीच्या वाट्याला येणार. झाला खाडा! कधी सासूबाईंची दाढ ठणकली. कधी हॉटेलचे पडदे त्याच दिवशी द्यायचे निघाले. एकदा ढब्बूने नाकात वाटाणा घातला, तो बाहेर यायला तयार होईना, आणि आख्खं घर तिच्या नाकासमोर बसून राहिलं.

मी रिकामी बसले असं मात्र समजू नका. मी बाजारात गेले, दवाखान्यात गेले, लिफ्टचे पाने आणि वंगणाचा डबा घेऊन उंच इमारतीच्या गच्चीवरही जाऊन आले. फक्त जिमला तेवढी गेले नाही.

आणि इथेच माझ्या मालकिणीची खरी गंमत. तिच्या हिशेबाने खाडा पडला की नेम मोडला, आणि मोडलेला नेम पुन्हा पहिल्यापासून धरायचा. दोन दिवसांनी जिममध्ये शिरल्या शिरल्या सांगायची, "मॅडम, खाडा झाला. आज पहिला दिवस."

"पुन्हा? अहो ताई, परवा आपण खुर्चीवरून उठबशीपर्यंत आलो होतो!"

"मोडलेल्यावर पुढचं कसं रचायचं? मी मानेपासून सुरू करते."

असं एकदा नाही, कितीतरी महिने चाललं. शेवटी ट्रेनरने कपाळाला हात लावला. "ताई, आख्ख्या बॅचमध्ये तुमच्याइतकी बळकट मान कुणाची नाही. लेकीला मानेने उचलणार आहात का?"

सगळ्या हसल्या, मालकीणही हसली. पण तिकडे ढब्बू काही पहिल्या दिवसावर थांबली नव्हती. तिचे फ्रॉक आखूड होत होते, बूट चावायला लागले होते. आणि एका दुपारी ती शाळेतून आली, सवयीने हात वर केले, आणि आपणच खाली घेतले. "राहू दे आई," म्हणाली, "तुझी कंबर दुखेल." आणि गेली खेळायला.

मी तेव्हा स्वयंपाकघराच्या ओट्यावर होते, बटाट्यांनी भरलेली. मालकिणीने माझ्यातून एक बटाटा काढला आणि तो हातात धरून तशीच उभी राहिली.

सासूबाई आल्या. "काय गं, कांदा चिरतेयस?"

"नाही आई."

"हातात तर बटाटा दिसतोय. बटाट्याने रडणारी बाई पहिल्यांदा बघतेय मी."

मग मालकिणीने सगळं सांगून टाकलं. देवापुढचं बोलणं, खाडे, तो पुन्हा पुन्हा येणारा पहिला दिवस. सासूबाई ऐकत राहिल्या. मग म्हणाल्या, "माझा पाय मोडला होता तेव्हा माझा सकाळचा दिवा कोण लावत होतं?"

"मी."

"मग देवाने तो परत पाठवला का, हा सुनेचा आहे म्हणून?"

"नाही, पण..."

"पणबिण काही नाही. देव काय शाळामास्तर आहे हजेरी घ्यायला? नेम मनात ठेव, पण एकटीने ओढू नकोस. घरातल्या कुणी चालवला की तो चालला. तुला जमणार नाही त्या दिवशी मी जाईन."

"तुम्ही? जिमला?"

"का? तिथे काय फक्त सुनाच घेतात?"

आणि खरंच! पुढच्याच आठवड्यात घरधन्यांना लिफ्टसाठी फोन आला, मालकीण ढब्बूला घेऊन शाळेकडे धावली, आणि सासूबाईंनी मला खांद्यावर टाकलं. ट्रेनर म्हणाली, "या आजी, या. पहिला दिवस ना?"

"छे! सुनेचा नेम आहे. तिचं काल जिथपर्यंत आलं, तिथून पुढचं सांगा."

ट्रेनरने बाकावर बसवून त्यांच्या हातात पाण्याच्या दोन लहान बाटल्या दिल्या. सासूबाईंनी त्या उचलल्या, ठेवल्या, आणि मधल्या वेळात शेजारणीला "पाठ सरळ ठेव" म्हणून दोनदा दटावलं. घरी येऊन सुनेला म्हणाल्या, "उद्या तू सरळ डंबेल घे. बाटल्यांचं मी उरकलंय."

एकदा सासू-सून दोघींना अडचण आली तेव्हा घरधन्यांची पाळी लागली. बॅच बायकांची, आत कसे जाणार? ते मला छातीशी धरून बाहेर जिन्यात उभे राहिले. ट्रेनर आतून ओरडायची, "खाली! वर! खाली! वर!" आणि ते कठड्याला धरून उठबशा काढायचे. "मॅडम," ते धापा टाकत म्हणाले, "खाली-वरचाच धंदा आहे माझा, पण तिथे बटण असतं हो!" टायरवाल्यांनी खालून टाळ्या वाजवल्या.

खाडा थांबला तशी मालकीण पुढे सरकायला लागली. मान सुटली, खुर्ची सुटली, हातात खरं वजन आलं. मलाही आता फळीवर मान मिळायला लागला होता.

मग एक सकाळ अशी आली की मालकीण तापाने फणफणलेली, घरधनी कुठल्याशा लिफ्टच्या टपावर, आणि सासूबाई तिला सोडून कुठे हलणार? दारावर बँकवाली आली. ही वरच्या मजल्यावर राहते, त्याच बॅचला जाते. "काकू, आज कोण येतंय माझ्या स्कूटरवर?"

"आज घरातलं कुणीच नाही हो," मालकीण आतून कण्हली.

"कुणीच कसं नाही?" सासूबाईंनी मला खुंटीवरून काढलं. "ही आहे की. ही काय परक्याची आहे?"

अशी मी एकटी जिमला गेले! स्कूटरवर पुढे उभी, सगळी फुलं वाऱ्यावर. ट्रेनरने विचारलं, "आज ताईंकडून कोण?" बँकवालीने गंभीर चेहऱ्याने मला सतरंजीवर ठेवलं. बायका हसून हसून लोळायच्या बाकी राहिल्या.

ट्रेनर मात्र माझ्याकडे बघत राहिली. मग तिने घरी फोन लावला. "आजी, ढब्बूचं वजन किती आहे?"

"थांबा, काट्यावर उभी करते. गालांसकट सांगू ना?"

तेवढं वजन तिने माझ्यात भरलं. डंबेल, लोखंडी चकत्या, सगळं टॉवेलमध्ये गुंडाळून. "बघा," ती सगळ्यांना म्हणाली, "मूल असं उचलायचं. कंबरेतून वाकायचं नाही. गुडघ्यात बसा, पोटाशी घ्या, पाय रोवा, उठा." एकेकीने मला उचलून पाहिलं. माझी चेन गेली ती त्याच दिवशी. जाऊ दे, सत्कारणी लागली.

मालकीण बरी झाल्यावर ट्रेनरने तिला मीच दिली उचलायला. आधी अर्धी भरलेली, मग दर थोड्या दिवसांनी एक चकती जास्त. डॉक्टरांनी पुन्हा तपासलं आणि मान डोलावली, "ठीक आहे. शिकवलंय तसंच उचला मात्र." आणि एका सकाळी ट्रेनरने काही न बोलता शेवटची चकती माझ्यात टाकली.

मालकीण गुडघ्यात बसली. मला पोटाशी घेतलं. मी श्वास धरून होते, बॅगेला असतो तेवढा. ती उठली! सरळ उठली. आणि मग एक झालं. तिचा हात आपोआप माझ्याखाली गेला, मी तिच्या कडेवर आले, आणि ती हलकेच डोलायला लागली. माझ्या पाठीवर थोपटायला लागली. तिला कळलंसुद्धा नाही. ट्रेनरने भिंतीकडे तोंड करून उगीचच शिट्टी वाजवली.

मी पडदा व्हायची होते हो. मला कुणी असं घेईल, असं कधी वाटलं होतं का?

घरी ती जवळजवळ धावतच आली. ढब्बू जमिनीवर बसून बूट घालत होती.

"ढब्बू, हात वर कर."

"नको, तुझी कंबर..."

"कर म्हणते ना!"

सासूबाई खुर्चीतून उठल्या. घरधन्यांचा फोन वाजला, तर ते त्यात म्हणाले, "दोन मिनिटं दम धरा. इथे आमच्या घरचं कुणीतरी वर चाललंय."

ढब्बूने हात वर केले. मालकीण बसली, पोटाशी घेतलं, पाय रोवले. आणि ढब्बू वर! गालांसकट! ढब्बूने आईच्या गळ्यात हात टाकून चहूकडे पाहिलं, आणि मग तिने अशी किंकाळी फोडली की माझ्या फुलांचे रंग उडाले.

"आई! आजीने फ्रिजवर बिस्किटं लपवलीत!"

सासूबाई देवाचं नाव घेत आत पळाल्या. मालकीण हसत होती, रडत होती, आणि ढब्बूला काही केल्या खाली ठेवत नव्हती.

तीन महिने भरले, नेम पुरा झाला. मालकिणीने दुसऱ्याच दिवशी नवा धरला, कारण ढब्बू काही वाढायची थांबत नाही. आता माझा तळ दुहेरी शिवलाय, पट्टा तिसऱ्यांदा बदललाय, आणि बिघडलेल्या चेनच्या जागी दोन मोठी बटणं लावायचं चाललंय.

तुमच्याही दारामागे अशी एखादी असेल. तिच्याकडे बघून मान खाली घालू नका. खाडा झाला तर होऊ दे, काल जिथे सोडलं तिथून धरा. आणि अगदीच जमलं नाही, तर घरातल्या कुणाच्या तरी खांद्यावर तिला देऊन टाका. ती बिचारी आनंदाने जाऊन येईल.

चला, बोलावणं आलं. आज जिन्यापर्यंत मला ढब्बू नेणार म्हणतेय. गुडघ्यात बसलीय, मला पोटाशी घेतलंय, पाय रोवलेत. माझा अर्धा भाग जमिनीला घासतोय, पण मी हूं की चूं करणार नाही.