तीन नंबरच्या ड्रायरमधला नवरा

ताईच्या लाँड्रीत त्या दुपारी मुंगीला शिरायला जागा नव्हती. शिंपीणबाई, पोस्टमन, समोरचे निवृत्त हेडमास्तर, सगळे तीन नंबरच्या ड्रायरपुढे हात जोडून उभे. तेरा महिन्यांपूर्वी वारलेले माझे दाजी म्हणे त्यात उतरले होते. हा शोध लावणारा बुवा शाल पांघरून स्टुलावर बसला होता. आयत्या उबेला बसून खातो म्हणून मी त्याचं नाव ऊबबाबा ठेवलं होतं.

इस्पितळातली कपडे धुण्या-वाळवण्याची मशिनं दुरुस्त करणं हा माझा धंदा. ताईने मला बोलावलंच नव्हतं. सात वर्षांची भाची फोनवर म्हणाली, "मामा, मी आता पप्पांच्या शेजारी झोपते. ते खूप गरम असतात." मी तडक लाँड्री गाठली, तेव्हा कळलं. बाबाच्या हुकमावरून पोर चालू ड्रायरला पाठ लावून झोपत होती!

"बोल, पुण्यात्म्या!" ऊबबाबा गरजला. "या लेकरावर तुझी माया आहे ना?"

मशीनवर लाल दिवा लागला.

"हो म्हणाला!" लोक ओरडले. ताईने पदर डोळ्यांना लावला. मला मात्र शालीखालचं मनगट दिसलं होतं. प्रत्येक प्रश्नाआधी हा लबाड घड्याळ बघत होता. दिवा विझला की अकरा मिनिटांनी पुन्हा लागायचा आणि बाबाची पुढची शंका बरोबर अकराव्या मिनिटाला निघायची.

"कपडे ओलेच का निघतात हो?" मी विचारलं.

"आत्म्याचे अश्रू आहेत ते, मूर्खा!"

"आणि मागची नळी?"

"तिला हात लावशील तर आत्मा कोपेल."

मी सरळ प्लग उपटला. "ताई, शिव्या नंतर घाल." मशीन पुढे ओढलं आणि भिंतीतून बाहेर जाणारी नळी सोडवली. आत हात घातला, तर कपड्यांचे झडलेले तंतू आणि धूळ, गोधडीसारखी दबून बसलेली. बादली भरली. बाबा किंचाळला, "आत्म्याचं घर मोडलं!" हेडमास्तरांनी माझी कॉलर धरली. शिकलेला माणूस, काय म्हणावं!

त्यातला मूठभर बोळा मी अंगणात फरशीवर ठेवून काडी लावली. भप्पकन ज्वाळा उठली. हेडमास्तरांनी कॉलर सोडली.

"गरम हवेला बाहेरची वाट उरली नव्हती," मी म्हणालो. "म्हणून कपडे ओले आणि मशीन तापलेलं. तो लाल दिवा अति तापल्याचा इशारा आहे. आतली हवा तापवणारी शेगडी आपोआप बंद होते, मशीन निवतं, दिवा विझतो, परत तापतं. आणि तुम्ही त्याच्यापुढे हात जोडताय!"

लांब दांड्याचा ब्रश दोन्ही बाजूंनी फिरवला, उरलेली धूळ व्हॅक्यूमने ओढली, भिंतीबाहेर नळीच्या तोंडावरच्या झडपेत अडकलेला गठ्ठा काढला. नळी घट्ट बसवून ओले टॉवेल घातले, प्लग लावून मशीन चालू केलं. झडप फडफडून उघडली, हवा जोरात बाहेर आली.

"विचारा आता," मी बाबाला म्हणालो.

विचारलं. अकरा मिनिटं गेली. वीस गेली. टॉवेल कोरडे निघाले, दिवा काही लागला नाही.

"आत्मा रुसला," बाबा पुटपुटला आणि शाल सावरत दाराकडे सरकला. पोस्टमनने वाट अडवली, "बाबा, घड्याळ तरी दाखवा!" शिंपीणबाईंनी हासडलेली शिवी मी इथे लिहीत नाही.

ताईला यातलं काहीच ऐकू येत नव्हतं. ती ड्रायरमागच्या भिंतीकडे बघत होती. तिथे पेन्सिलीने तारखांची रांग होती, दाजींच्या हातची. दर महिन्याची एक, प्रत्येकीपुढे 'नळी साफ'. शेवटची ते जाण्याच्या आठवडाभर आधीची.

"हे मला कधी बोलले नाहीत रे," ती म्हणाली. मग ड्रायरला लागून पसरलेली भाचीची गादी उचलून स्वतःच वरच्या मजल्यावर घरात घेऊन गेली.

ज्याला खरंच माया होती, त्याने दर महिन्याला गुडघ्यांवर बसून धूळ काढली. मेलेल्या माणसाच्या तोंडी आपले शब्द घालणाऱ्याने त्याच्याच लेकीला आगीशेजारी निजवलं. लोकहो, दिवा का लागला हे आधी विचारा. ड्रायरमधली धूळ अडवणारी जाळी प्रत्येक वेळी झाडा, प्लग काढून नळी वेळच्या वेळी साफ करा. आणि नळी उघडू नका असं कोणी बजावलं, तर तीच आधी उघडा.